तट्टाची आयाळ भादरू नका, ती कामाची असते

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत भीमथडी तट्टावर पानभर मजकूर आला होता, तो आमच्या वाड्यावर सगळ्यांनी ऐकला, मुलाने मोठ्याने वाचला आणि आम्ही चुलीभोवती बसून ऐकला. वाडा म्हणजे दगडी वाडा नाही, मेंढरं घेऊन फिरणारी आमची चार-पाच घरं मिळून वाडा म्हणतात. आपल्या जनावरावर कोणीतरी एवढं लिहिलं म्हणून खूप बरं वाटलं. कर्नालच्या राष्ट्रीय ब्युरोने, म्हणजे जनावरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, भीमथडीची वेगळी जात म्हणून नोंद केली, मारवाडी, काठेवाडी, मणिपुरी, स्पिती यांच्या रांगेत देशातली आठवी घोड्याची जात म्हणून आपलं तट्टू बसलं हेही त्यात होतं. राज्यगीतात पोरं रोज ज्याचं नाव घेतात ते जनावर अजून जिवंत आहे आणि धनगराच्या वाड्यावर ओझं वाहतंय हे शहरातल्या लोकांना तुमच्यामुळे कळलं, त्याबद्दल आधी आभार मानते.

पण लेखाबरोबर जो मोठा फोटो छापलाय त्यातल्या तट्टाची मान बघितली आणि मला राहवलं नाही. पार भादरलेली मान. कानापासून खांद्यापर्यंत ट्रिमर फिरवलेला, नुसते खुंट उभे राहिलेत, कपाळावरचं झुलूप पण गेलेलं, आणि खाली लिहिलंय की देखणं आणि नीटनेटकं ठेवलेलं तट्टू. साहेब, ते नीटनेटकं नाही, ते बोडकं केलंय. माझा राग तुमच्या पेपरवर नाही, ज्याने फोटो दिला त्याच्यावर पण नाही, त्याला कोणी सांगितलंच नसणार. म्हणून मी सांगते. माझं शिक्षण नववीपर्यंत आहे, हे मी मोबाईलवर टाइप करतेय, चुकलंमाकलं तर दुरुस्त करून घ्या पण कापू नका.

लग्न होऊन फलटण तालुक्यात आले त्याला आता सव्वीस वर्षं झाली. आमच्यात गडीमाणसं मेंढरामागं पुढं निघतात आणि बिऱ्हाड घोड्यावर लादून मागनं न्यायचं ते बायकांनी. म्हणजे घोडी सांभाळायची ती आम्हीच. भांडी, वाकळा, पीठमिठाची गाठोडी, नवीन जन्मलेली कोकरं जाळीत, वरती पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि कधी कधी सगळ्यात वर दीड-दोन वर्षाचं पोर, एवढं सगळं घेऊन आमची मैना वरंधा घाट उतरते. खांद्याला सव्वाचार फूट भरते फक्त. दिवाळी झाली की आम्ही कोकणाकडं निघतो, भातखाचरात मेंढरं बसवतो, आणि पाऊस लागायच्या आत परत वर येतो. या सगळ्या वाटेवर मैनाची आयाळ मीच बघते, माझ्या आधी आत्याबाई बघायच्या, त्यांच्या हाताखाली मी शिकले.

आयाळ कशासाठी असते ते आधी सांगते कारण तेच लोकांना माहीत नाही असं दिसतं. घोड्याला हात नाहीत. माशी बसली तर शेपूट मागच्या अर्ध्या अंगाला पुरते, पुढच्या अर्ध्याला पुरत नाही. मानेवर माशी बसली तर तो मान झटकतो आणि ती झटकली की आयाळ फटकन फिरते, तोच त्याचा पंखा. कपाळावरचं झुलूप डोळ्यावर येतं ते डोळ्याची माशी उडवायला. तुम्ही झुलूप कापलंत की डोळ्याला पाणी, पाण्याला माशा, माशांनी डोळा चिकटतो, हे मी चार-पाच जनावरांत बघितलंय. दुसरं म्हणजे बारकी चिलटं. पहाटे आणि दिवेलागणीला ओढ्याकाठी, चिखलाजवळ ही चिलटं फार असतात, माशीसारखी दिसत पण नाहीत, पण चावली की काही घोड्यांना अशी खाज सुटते की ते झाडाला, खांबाला, गाडीच्या चाकाला मान घासून घासून रक्त काढतात. नेमकी आयाळीच्या मुळाला आणि शेपटीच्या बुडख्याला. दाट आयाळ असली तर निदान थोडी तरी आडोशाला राहते ती कातडी, भादरलीत तर ताट वाढून ठेवल्यासारखं होतं. तिसरं, पाऊस. आयाळ एका अंगाला पडते आणि पाणी केसावरून निथळून खाली जातं, कातडीपर्यंत कमी पोचतं. देवाने ते छप्पर उगाच दिलेलं नाही.

आणि एकदा मुळापासून कापली ना, की महिन्या-दोन महिन्यात येईल असं समजू नका. अंगावरची लव दरवर्षी गळते आणि नवी येते, आयाळीचं तसं नाही, ती हळूहळू वाढते, पूर्वीसारखी मानेवर लोळायला वर्ष-दोन वर्षं सहज जातात, तोपर्यंत ती ब्रशसारखी उभी राहते, ना इकडं पडते ना तिकडं.

हे भादरायचं आलं कुठून ते माझ्या मुलाने शोधून सांगितलं. पोलो खेळणाऱ्या घोड्यांची आयाळ काढतात, कारण खेळताना लगाम आणि काठी त्यात अडकू नये. बरोबर आहे, त्यांचं काम तसं आहे. पण आपलं तट्टू पोलो खेळत नाही, ते ओझं वाहतं, उन्हात उभं राहतं, रानात चरतं. ते बघून आपण का करायचं? मुलाने मला इंग्लंडच्या डोंगरातल्या तट्टांचे व्हिडिओ पण दाखवले, एक्समूर, डार्टमूर, फेल अशी नावं आहेत त्यांची, आपल्यासारखीच बुटकी आणि दणकट. तिकडं त्यांची प्रदर्शनं भरतात आणि त्या प्रदर्शनात ही देशी तट्टं आयाळ न कापता, वेणी न घालता, जशी आहे तशी मोकळी सोडून उभी करतात, आयाळ हे त्या जातीचं लक्षण मानतात. त्यांना कळतं तर आपल्याला का कळू नये. आपल्याकडं अकलूजला घोडेबाजार भरतो, सारंगखेड्याला दत्तजयंतीला तापीकाठी एवढी मोठी यात्रा भरते, तिथं घोड्यांच्या स्पर्धा होतात. माझी आयोजकांना हात जोडून विनंती आहे की देशी तट्टांची वेगळी स्पर्धा ठेवली तर त्यात आयाळ नैसर्गिक पाहिजे असा नियम करा, आणि परीक्षकांनी आयाळ उचलून खालची कातडी बघावी. गिऱ्हाईक आलं की भोवरे बघतं, देवमण म्हणजे गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा आहे का बघतं, दात बघतं, पण आयाळीखाली हात घालून कातडीला खपल्या आहेत का, गोचीड आहेत का, हे कोणीच बघत नाही.

आता रोजचं कसं करायचं ते सांगते, कारण आजकाल फार्महाऊसवाले लोक मुलांसाठी तट्टू घेतात आणि फोन करून विचारतात की ताई शाम्पू कुठला वापरता. जातीची नोंद झाल्यापासून तर असे फोन जास्तच यायला लागलेत.

शाम्पू रोज लागत नाही. महिन्यात एकदा, ते पण ऊन असताना सकाळी, रिठ्याच्या पाण्याने धुवायची, आणि धुण्यापेक्षा जास्त वेळ खळाळून काढायला द्यायचा. फेस मुळाशी राहिला की तोच खाजवतो. माणसांचा शाम्पू लावला आणि अर्धवट धुतला की दोन दिवसांनी घोडं मान घासायला लागतं, मग लोक म्हणतात घोड्याला काहीतरी रोग झाला. थंडीत संध्याकाळी मान ओली करू नका.

लोखंडी खरारा अंगाला चालतो, मांडीला, पाठीला. आयाळीला तो लावायचा नाही म्हणजे नाही. केस मधूनच तुटतात आणि तुटके केस वर उभे राहतात, मग आयाळ झिपरी दिसते, मग माणूस म्हणतो कापूनच टाकू. आधी बोटं. आत्याबाई म्हणायच्या, आधी बोटांना कळू दे कुठं गाठ आहे ते. मी घोडीच्या डाव्या अंगाला खांद्याजवळ उभी राहते, समोर नाही, मागं तर अजिबात नाही, आणि एका वेळी दोन बोटात मावेल एवढीच बट घेते. ती बट वरती मुळाजवळ डाव्या मुठीत घट्ट धरायची, म्हणजे खालून ओढ बसली तरी कातडीला कळत नाही, आणि टोकाकडून सोडवत वर जायचं. सगळे उलट करतात, मुळात कंगवा घालून खाली ओढतात, गाठ खाली सरकत जाऊन टोकाला दगडासारखी होते आणि घोडं मान हिसकतं. मग घोड्याला द्वाड म्हणतात. बोटांनी मोकळं झालं की मग मोठ्या दाताचा लाकडी कंगवा. एवढं रोज करायची गरज नाही, वाटचालीत असलो तर एक दिवसाआड, वस्तीला असलो तर आठवड्यातनं दोनदा. आणि एकदा घोडीला कळलं की दुखत नाही, की ती स्वतः मान खाली करून उभी राहते. मैना तर खालचा ओठ सोडून डोळे मिटते, अर्धा तास हलत नाही.

तेलाचं म्हणाल तर खोबरेल आणि करंजाचं तेल निम्मं निम्मं. करंजाच्या वासाला माशी जवळ कमी येते. थंडीत खोबरेल थिजतं, ते तळहातावर चोळून पातळ करून घ्यायचं, आणि केसांना न्हाऊ घालायचं नाही, फक्त बोटं बुडवून मुळाशी फिरवायची, संध्याकाळी. सकाळी तेल लावून रस्त्याला लागलात तर गाड्यांचा सगळा फुफाटा आयाळीत बसतो आणि त्याचा चिखल होतो. कोकणात दमट असतं तिथं तेल आणखी कमी. रॉकेल चोळतात काही जण, ऊवा-गोचीड जावेत म्हणून, कृपा करून करू नका, कातडी भाजते, केस जातात.

रानातून चरून आली की आयाळीत काय काय अडकतं. आघाड्याची बी, कुसळं, आणि सगळ्यात वाईट ते शंकेश्वराचे काटेरी बोंड, ते एकात एक गुंतून मुठीएवढा गोळा होतो. तो ओढायचा नाही आणि कापायचा पण नाही. तेलात भिजवायचा, मग पक्कड घेऊन बोंड दाबून फोडायचं, फुटलं की त्याची पकड सुटते, मग बोंडातून केस काढायचे, केसातून बोंड नाही. वेळ लागतो, मागच्या माघात महाडच्या अलीकडं एका ओढ्याकाठी मला एवढा एक गोळा सोडवायला सकाळचे दोन तास गेले होते, मंडळी पुढं निघून गेली होती, पण सोडवला, एक बट पण कापली नाही.

घाट उतरायच्या आधी करवंदीच्या जाळ्या लागतात तेव्हा मी आयाळीच्या चार-पाच सैल वेण्या घालते, सैल म्हणजे आत बोट फिरलं पाहिजे एवढ्या, आणि टोकाला जुन्या लुगड्याची मऊ चिंधी बांधते. मुक्कामाला पोचलो की त्याच रात्री सोडते. लग्नाच्या घोड्यांना जे रबरबँड आवळतात, चार-चार दिवस तसेच ठेवतात, वरून नकली केस जोडतात, चमकी मारतात, काळी मेंदी म्हणून जी केमिकलवाली पावडर मिळते ती चोळतात, त्याने मानेच्या कातडीचं काय होत असेल. माणसाच्या कातडीला त्या पावडरीने फोड येतात तर घोड्याच्या येणार नाहीत का? सजवायचं असेल तर झेंडूची माळ घाला, गोंडे बांधा, आम्ही दसऱ्याला आमच्या घोड्या सजवतो, हळद-कुंकू लावतो, पूजा करतो, रात्री सगळं उतरवून मान पुसून ठेवतो.

ओझं लादताना पण आयाळीकडं बघायचं असतं. खांद्याच्या उंचवट्यावरचे शेवटचे केस गादीखाली दबले की प्रत्येक पावलाला ओढले जातात, दोन दिवसात तिथं केस जातात आणि तिसऱ्या दिवशी जखम. गादी ठेवली की हात खाली घालून तेवढे केस पुढं काढून घ्यायचे, मग दोर आवळायचा. आणि कानामागं जिथं लगामाची पट्टी बसते तिथं दोन बोटं रुंदीचे केस कापले तर माझी हरकत नाही, तिथं खरंच गुंता होतो. एवढंच कापायचं.

एक गोष्ट जटेची. आयाळीत कधी कधी आपोआप पीळ पडून जट होते, काही जुनी माणसं म्हणतात देवाची आहे, हात लावू नका. आमचा खंडोबा घोड्यावर बसणारा देव, त्याला घोड्याचं अंग स्वच्छ असलेलं आवडणार नाही का? ती जट सोडवली नाही की आत घाम, धूळ साचून खालची कातडी सडते, ऊवा होतात. मी आत्याबाईंच्या समोरच पहिली जट सोडवली होती, तेल लावून तीन दिवस थोडी थोडी. त्या काही बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी स्वतः कंगवा घेऊन आल्या.

पावसाळ्यात मान सतत ओली राहिली की मुळाशी बारीक खपल्या धरतात, खपली ओढली की तिच्याबरोबर केसांचा झुबका येतो आणि खाली लालभडक. ती कोरडी असताना नखाने उपसू नका, कोमट पाण्याने मऊ करून घ्या, कोरड्या फडक्याने टिपा, जनावर आडोशाला बांधा आणि पसरत असेल तर डॉक्टरला दाखवा. गोल गोल चट्टे पडून केस गेले तर तो नायटा असू शकतो, तो एका घोड्याच्या कंगव्यावरनं दुसऱ्याला जातो आणि आपल्याला पण होतो. म्हणून प्रत्येकीचा कंगवा, फडकं वेगळं ठेवा, उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. आमच्या तीन घोड्या आहेत, तीन कंगवे आहेत, तिघींच्या कंगव्याला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलाय.

आता दोन गोष्टी अशा सांगते की ज्या मला ठेच लागून कळल्या, आणि ह्या दोन गोष्टींसाठीच खरं तर मी एवढं लिहायला बसले.

पहिली सुबाभूळ. एका उन्हाळ्यात चाऱ्याचे फार हाल होते, एका शेतकऱ्याने बांधावरची सुबाभूळ तोडायला दिली, हिरवागार पाला, आम्हाला वाटलं देवच पावला. मेंढरांना दुसरं पण मिळत होतं, मैनाला मात्र महिना-दीड महिना जवळजवळ तोच पाला घातला. एक दिवस मी बोटं घातली आणि अख्खी बट हातात आली. ओढली नव्हती, नुसता हात लावला होता. दुसऱ्या दिवशी आणखी. पंधरा दिवसात मान अर्धी रिकामी, शेपटीचे केस पण विरळ झाले, बाकी घोडी खात होती, पीत होती, चट्टा नाही, खाज नाही. मला वाटलं कोणाची दृष्ट लागली, मी मीठ-मिरच्या पण ओवाळल्या. शेवटी तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, हिला काय खायला घालताय? सुबाभळीत मिमोसिन नावाचं द्रव्य असतं, त्याने घोड्याची आयाळ आणि शेपूट झडते. गाई-शेळ्यांच्या पोटात त्याची सवय झालेले जंतू असतात, ते ते द्रव्य मोडून टाकतात, घोड्याचं पोट तसं नाही. पाला बंद केला, कडबा, वाळलेलं गवत आणि भिजवलेला हरभरा चालू केला, आणि हळूहळू नवे केस फुटले. आता कितीतरी शेताच्या बांधावर सुबाभूळ आहे आणि शेळीला चालते म्हणून लोक घोड्याला घालतात. आयाळ झडायला लागली की तेल बदलू नका, आधी गव्हाणीत काय आहे ते बघा.

दुसरी गोष्ट याहून वाईट. आयाळीच्या मुळाशी आणि कानात गोचीड भरल्या होत्या. मी हाताने काढायचे, पण खूपच झाल्या तेव्हा धाकट्या दिरांनी एका दुकानातून गोचिडाचं औषध आणलं, दुकानदाराने सांगितलं गाईम्हशीला सगळे हेच लावतात, पाण्यात मिसळून अंग पुसा. पुसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मैनाने तोबऱ्यातली चंदी तशीच ठेवली. दुपारी लीद नाही. संध्याकाळी ती वळून वळून आपल्या पोटाकडं बघायला लागली, पायाने जमीन उकरायची, बसायची, उठायची, लोळायची, सगळं अंग घामाने ओलं. मी रात्रभर तिची दोरी धरून तिला चालवत होते. पहाटे डॉक्टर आले, नाकातून नळी घालून पोटात तेल सोडलं, सलाईन लावलं, मग त्यांनी औषधाची बाटली मागितली आणि लेबल वाचलं. अमिट्राझ. ते म्हणाले हे गाईला, म्हशीला चालतं, घोड्याला कधीच लावायचं नसतं, त्याने घोड्याचं आतडं चालायचं थांबतं. तिसऱ्या दिवशी लीद पडली तेव्हा मी खरंच रडले. दिरांचा दोष नाही, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, आणि दुकानात पण कोणी विचारत नाही की भाऊ जनावर कुठलं आहे. गोचीड थोड्या असतील तर चिमट्याने कातडीला अगदी लागून धरून सरळ ओढून काढा, नखावर चिरडू नका, साबणाच्या पाण्यात टाका. जास्त असतील तर डॉक्टरला विचारा आणि घोडं आहे हे सांगून घोड्याला चालणारंच औषध मागा.

साहेब, तुमच्या लेखात नव्हतं म्हणून हे पण लिहिते, माझ्या मुलाने आकडे काढलेत. 2012 च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टं मिळून सव्वासहा लाख होती, 2019 च्या गणनेत साधारण 3 लाख 40 हजार राहिली. सात वर्षात निम्म्याच्या आसपास गेली. आमच्याच वाड्यावर मी आले तेव्हा अकरा घोड्या होत्या, आता तीन. पोरं टेम्पो घ्यायचं म्हणतात, मी अडवत नाही, त्यांचं पण बरोबर आहे, पण घाटातल्या पायवाटेला टेम्पो जात नाही आणि मेंढरं डांबरी रस्त्याने नेली की गाडीखाली जातात. ज्या थोड्या घोड्या राहिल्यात त्यांना चुकीच्या औषधाने आणि चुकीच्या पाल्याने गमवायला नको. वारीत माउलींचा अश्व रिंगणात धावला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला हजारो माणसं वाकतात, त्याच माणसांच्या दारात लग्नाला रंगवलेली, रबर आवळलेली घोडी उभी असते तेव्हा तिच्या मानेकडं बघितलं पाहिजे की नाही?

तुमच्याकडं माझं एवढंच मागणं आहे. पुढच्या वेळी तट्टाचा फोटो छापाल तेव्हा आयाळ असलेलं तट्टू छापा, आमच्याकडं या, मैना दाखवते, तिची आयाळ आता परत गळ्याच्या खाली आलीय. आणि शेतीच्या पानावर सुबाभूळ आणि अमिट्राझ या दोन गोष्टी मोठ्या अक्षरात चौकटीत छापा. दिवाळीच्या आधी छापलंत तर बरं, कारण दिवाळी झाली की वाडे हलतात, मग पेपर हाताला लागत नाही.

आपली,
फलटण तालुक्यातली एक मेंढपाळ बाई
(नाव छापू नये ही विनंती)